स्मृतीचे विश्वस्त

अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरात १९९३ च्या फेब्रुवारी महिन्यात एक संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. 'म्युझियम ऑफ टॉलरन्स', म्हणजे सहिष्णुतेचे संग्रहालय, हे त्याचे नाव. तेथील प्रदर्शनाकडे निघालेल्या प्रेक्षकासमोर दोन दारे येतात. एकावर लिहिलेले असते, 'पूर्वग्रह असलेल्यांसाठी'. दुसऱ्यावर, 'पूर्वग्रह नसलेल्यांसाठी'. सभ्य, सुशिक्षित माणूस साहजिकच दुसऱ्या दाराकडे वळतो. ते ढकलून पाहतो, तर ते बंद! ते कोणासाठीच उघडत नाही. अखेर निमूटपणे सर्वांना पहिल्याच दाराने आत जावे लागते.

युक्ती अगदी साधी आहे. शाळकरी मुलालाही ती कळते. तरीही तिच्यात त्या वास्तूचे सारे प्रयोजन सामावलेले आहे. १९३३ ते १९४५ या काळात हिटलरच्या जर्मनीने युरोपातील ६० लाख ज्यूंची हत्या केली. जग या वंशसंहाराला 'हॉलोकॉस्ट' म्हणते, ज्यू लोक त्याला हिब्रू भाषेत 'शोआ' म्हणतात. ही हत्या रानटी टोळ्यांनी केलेली नव्हती. उत्तम विद्यापीठे, थोर संगीतकार आणि शिस्तबद्ध नोकरशाही असलेल्या एका प्रगत राष्ट्राने ती कागदोपत्री नोंदी ठेवून केली. म्हणूनच 'आमच्या मनात कोणाविषयी आकस नाही' असे म्हणणाऱ्याला आधी त्या बंद दारावर थोडे थांबविले जाते.

अशा संस्थेचे नेतृत्व करणे म्हणजे नेमके काय? जुनी नाणी, शिल्पे, शस्त्रास्त्रे जतन करणाऱ्या संग्रहालयाच्या प्रमुखाकडे विद्वत्ता आणि व्यवस्थापनाचे कौशल्य असले की पुष्कळ होते. येथे मात्र वस्तूंच्या मागे माणसे उभी आहेत, आणि ती माणसे बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने काय बोलावे, किती बोलावे आणि कोणाला बोलू देऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीच्या हाती येतो. हे पद मालकीचे नाही, ते विश्वस्ताचे आहे. गेल्या काही दशकांत या विश्वस्तांची जी परीक्षा झाली, तिचा वेध घेतला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शत्रूने घेतलेली परीक्षा त्यांना तुलनेने सोपी गेली. अवघड गेली ती स्वकीयांनी घेतलेली परीक्षा.

तीन वास्तू, तीन प्रकृती

या क्षेत्रातील तीन संस्था विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली जेरुसलेममधील 'याद वाशेम'. इस्रायलच्या संसदेने १९५३ मध्ये कायदा करून ती स्थापन केली. ज्यूंच्या पवित्र ग्रंथातील यशया या प्रेषिताच्या वचनातून तिचे नाव घेतले आहे. 'स्मारक आणि नाव' असा त्याचा अर्थ. नावाप्रमाणेच तिचे काम आहे. मारल्या गेलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव शोधून काढावे, हा संकल्प सोडून ती राष्ट्रे, पक्ष, सरकारे यांच्या पलीकडे दशकानुदशके कार्यरत आहे. ६० लाखांपैकी सुमारे ५० लाख नावे आजवर हाती आली आहेत. ज्यांनी जिवावर उदार होऊन ज्यूंना वाचविले, अशा ज्यूएतर व्यक्तींचा गौरवही १९६३ पासून तेथे होतो. त्यांची संख्या २८ हजारांच्या वर गेली आहे.

दुसरी संस्था अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय स्मारक संग्रहालय. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये एक आयोग नेमला आणि ऑश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांना त्याचे अध्यक्ष केले. १९८० मध्ये अमेरिकी संसदेने संग्रहालयाला मान्यता दिली. जागा सरकारने दिली, इमारतीचा खर्च देणग्यांतून उभा राहिला आणि एप्रिल १९९३ मध्ये दारे उघडली.

तिसरी संस्था प्रारंभी उल्लेखिलेली, लॉस एंजेलिसची. ती सायमन वीझेंथाल केंद्राची आहे. वीझेंथाल हे माउटहाउझेनच्या छावणीतून मे १९४५ मध्ये सुटले. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी नाझी गुन्हेगारांचा माग काढण्यात घालविले आणि २००५ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे केंद्र १९७७ मध्ये उभारले ते रब्बी मार्विन हायर यांनी. हायर हे धर्मगुरू. पण आधुनिक जगाची भाषा त्यांना चांगली अवगत होती. केंद्राने निर्माण केलेल्या दोन माहितीपटांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. प्रेक्षकाच्या हाती एखाद्या ज्यू बालकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यायचे आणि त्या बालकाचे पुढे काय झाले हे प्रदर्शनाच्या शेवटी त्याला कळू द्यायचे, ही तेथील योजना. आकडा डोक्यात राहतो, मुलाचा चेहरा मनात राहतो, हे हायर यांनी ओळखले होते.

हिशेब चोख हवा

विश्वस्ताचे पहिले कर्तव्य म्हणजे हिशेब चोख ठेवणे. ते वाटते तेवढे सोपे नाही, याचे उदाहरण खुद्द वीझेंथाल यांच्या चरित्रातच सापडते.

वीझेंथाल अनेक वर्षे सांगत असत की नाझींनी १ कोटी १० लाख माणसे मारली. त्यांपैकी ६० लाख ज्यू आणि ५० लाख इतर. आकडा लोकप्रिय झाला. १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या आदेशातही तो अवतरला. परंतु येहुदा बाउअर यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकारांनी त्यावर हरकत घेतली. केवळ सोव्हिएत युद्धकैदीच ३० लाखांहून अधिक मेले. सर्व ज्यूएतर नागरिकांचे मृत्यू धरले, तर बेरीज ५० लाखांच्या कितीतरी पुढे जाते. उलट, छावण्यांत मारलेल्या ज्यूएतरांपुरतीच गणना केली, तर ती तेवढी भरत नाही. म्हणजे हा आकडा कोणत्याच हिशेबात बसत नव्हता. मग तो आला कोठून? ज्यूंच्या दुःखाशी इतर समाजांनी समरस व्हावे, ते दुःख त्यांना आपलेही वाटावे, या हेतूने वीझेंथाल यांनी तो पुढे केला होता. बाउअर यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी तसे मान्यही केले.

हेतू उदात्त होता, यात शंका नाही. तरीही इतिहासकारांची हरकत योग्यच होती. रोमा, म्हणजे युरोपातील भटक्या समाजाची किमान अडीच लाख माणसे मारली गेली. पोलिश नागरिक मारले गेले. अपंग मारले गेले. या प्रत्येकाचा खरा हिशेब मांडला पाहिजे, सोयीची बेरीज नव्हे. शिवाय वंशसंहार झालाच नाही, असे सांगणारे लोक जगात आहेत. डेव्हिड आयर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाने डेबोरा लिपस्टॅट या इतिहासकार विदुषीवर अब्रुनुकसानीचा खटला भरला होता. एप्रिल २००० मध्ये लंडनच्या न्यायालयाने आयर्व्हिंगच्या विरुद्ध निकाल दिला. लिपस्टॅट यांच्या बाजूने न्यायालयात काय उभे राहिले? भावना नव्हे, घोषणा नव्हे; कागदपत्रे आणि त्यांचे काटेकोर वाचन. उद्या संग्रहालयाच्या भिंतीवर एक जरी चुकीचा आकडा सापडला, तर नाकारणारा त्यावर बोट ठेवून उरलेले सारे खोटे म्हणायला मोकळा होतो. म्हणून स्वतःच्या बाजूची अतिशयोक्ती हीच विश्वस्ताने सर्वप्रथम खोडून काढावी लागते.

काय दाखवावे, काय झाकावे

वॉशिंग्टनच्या संग्रहालयाची उभारणी चालू असताना एक विलक्षण वाद झाला. ऑश्वित्झमध्ये आणलेल्या स्त्रियांचे केस कापून ते कारखान्यांना विकले जात. त्या केसांचे ढीग छावणी मुक्त झाली तेव्हा सापडले आणि ऑश्वित्झच्या संग्रहालयात ते आजही आहेत. त्यांतील काही केस वॉशिंग्टनमध्ये मांडावेत, असा विचार पुढे आला. पुराव्याच्या दृष्टीने त्याहून बोलके काय असणार? इतिहासाचे अभ्यासक अनुकूल होते. त्यावेळी छावणीतून वाचलेल्या काही स्त्रियांनी विरोध केला. त्या ढिगात आपल्या आईचे केस असू शकतील, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्यावर काय बोलणार! संग्रहालयाने केस मांडले नाहीत, त्यांचे छायाचित्र लावले. मायदानेक छावणीतील हजारो पादत्राणे मात्र तेथे आहेत आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला अधिक काही सांगावे लागत नाही. या निर्णयाने पुराव्याचा थोडा तोटा झाला असेल. पण मृतांच्या अवशेषांवर पहिला अधिकार त्यांच्या आप्तांचा असतो, अभ्यासकांचा नंतर, हे तत्त्व प्रस्थापित झाले. संग्रहालयाचे पहिले संचालक येशायाहू वाइनबर्ग हे नाट्यक्षेत्रातून आलेले होते. परिणाम कसा साधावा हे त्यांना ठाऊक होतेच. परिणाम साधण्याची सगळी साधने हाताशी असूनही एखादे बाजूला ठेवणे, हेही नेतृत्वाचेच काम असते.

दार कोणासाठी उघडावे?

जानेवारी १९९८. पॅलेस्टिनी नेते यासर अराफत वॉशिंग्टनला येणार होते. शांतता वार्ता रेंगाळली होती. अराफत यांनी वंशसंहाराचे संग्रहालय पाहावे, त्याने वातावरण निवळेल, अशी कल्पना अमेरिकी परराष्ट्र खात्यातील मंडळींनी पुढे आणली. संग्रहालयाने प्रथम सांगितले, सामान्य प्रेक्षक म्हणून यावे. राजकीय पाहुण्याचा मान मिळणार नाही. टीकेचा गदारोळ उठला. तेव्हा कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष माइल्स लर्मन यांनी निर्णय फिरविला आणि सन्मानाने निमंत्रण दिले. संचालक वॉल्टर राइश यांना ते मान्य नव्हते. अराफत यांना संग्रहालय दाखविण्यास त्यांनी नकार दिला. अखेर अराफत आलेच नाहीत. पण राइश यांना पद सोडावे लागले.

या प्रसंगी दोन्ही बाजूंना वजन होते, हे मान्य केले पाहिजे. लर्मन हे स्वतः त्या संहारातून वाचलेले, पोलंडच्या जंगलात नाझींशी लढलेले. ज्याला ज्यूंच्या इतिहासाविषयी अनास्था आहे, त्यालाच तो दाखविला पाहिजे. नाही तर संग्रहालय कोणासाठी, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न रास्त होता. राइश हे मनोविकारतज्ज्ञ. मृतांच्या स्मृतीचा उपयोग वाटाघाटींच्या सोयीसाठी, छायाचित्रांच्या पार्श्वभूमीसाठी होऊ नये, हे त्यांचे म्हणणे. अराफत शिकण्यासाठी येणार होते की दिसण्यासाठी, हाच खरा प्रश्न होता.

'सामान्य प्रेक्षक म्हणून यावे' हा पहिला निर्णयच त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. दार सर्वांना उघडे, गालिचा कोणालाही नाही. हा नियम अराफत यांना लावायचा, तर तो मित्रराष्ट्रांच्या नेत्यांनाही लावावा लागेल. तेथेच तर सगळी अडचण आहे. राइश यांनी पद गमावले, पण एक प्रश्न ते मागे ठेवून गेले आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक प्रमुखाला तो कधी ना कधी भेटला.

स्वकीयांना नकार

'याद वाशेम'चे उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण तेथे नाही म्हणायचे होते ते स्वतःच्याच सरकारला.

२०१८ मध्ये पोलंडने एक कायदा केला. नाझी गुन्ह्यांचे उत्तरदायित्व पोलिश राष्ट्रावर टाकणे हा त्यान्वये अपराध ठरला. जगभर टीका झाल्यावर तुरुंगवासाची तरतूद मागे घेण्यात आली. त्या निमित्ताने जून २०१८ मध्ये इस्रायल आणि पोलंडच्या पंतप्रधानांनी एक संयुक्त निवेदन काढले. राजनैतिक दृष्टीने ते इस्रायलच्या सोयीचे होते. परंतु 'याद वाशेम'च्या इतिहासकारांनी जाहीरपणे सांगितले की या निवेदनात गंभीर चुका आहेत; पोलिश समाजाने ज्यूंना केलेल्या साह्याचे चित्र वस्तुस्थितीपेक्षा मोठे रंगविले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्यूंना वाचविल्याबद्दल 'याद वाशेम'ने गौरविलेल्यांमध्ये सर्वाधिक संख्या पोलिश लोकांचीच, ७ हजारांहून अधिक आहे. ज्या संस्थेने त्यांना गौरविले, तीच संस्था सांगत होती की या वीरांच्या आड इतरांचे अपराध झाकू नका. वाचविणारे होते, तसेच पकडून देणारेही होते. दोन्ही सत्ये एकाच भिंतीवर मांडावी लागतात.

पुढे जानेवारी २०२० मध्ये ऑश्वित्झच्या मुक्तीला ७५ वर्षे झाल्यानिमित्त जेरुसलेमला जागतिक नेत्यांचा मेळावा भरला. रशियाचे अध्यक्ष पुतिन यांचे भाषण झाले. पोलंडचे अध्यक्ष, भाषणाची संधी नसल्याने, आलेच नाहीत. त्या सोहळ्यात दाखविलेल्या चित्रफितींत १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराचा आणि दोघांनी मिळून केलेल्या पोलंडच्या वाटणीचा उल्लेखच नव्हता. नकाशांतही चुका होत्या. सोहळा आटोपल्यावर 'याद वाशेम'ने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. एका बड्या राष्ट्राच्या प्रमुखाला रुचणारी चूक स्वतःहून कबूल करायला धैर्य लागते. मात्र ती घडू दिली कशी, हा प्रश्नही उरतोच. ज्या सोहळ्यात सत्ताधीशांची गर्दी होते, तेथे इतिहासाला उभे राहायला जागा उरत नाही, हा त्यातला धडा.

त्याच वर्षी आव्हनेर शालेव हे १९९३ पासून सांभाळलेल्या पदावरून निवृत्त होत होते. २००५ मध्ये उघडलेले भव्य नवे संग्रहालय ही त्यांच्या कारकिर्दीची खूण. त्यांच्या जागी माजी सेनाधिकारी आणि राजकारणी एफी ऐताम यांचे नाव सरकारकडून पुढे आले. अरबांविषयी त्यांनी पूर्वी केलेली वक्तव्ये प्रसिद्ध होती. संहारातून वाचलेले वृद्ध आणि जगभरचे शेकडो अभ्यासक विरोधात उभे राहिले. ऐताम यांच्या शौर्याविषयी किंवा देशभक्तीविषयी हा वाद नव्हता. एखाद्या समूहाला सरसकट हाकलून देण्याची भाषा ज्याने केली, त्याने या वास्तूत कोणत्या तोंडाने मार्गदर्शन करायचे, एवढाच प्रश्न होता. ती नियुक्ती झाली नाही. २०२१ मध्ये दानी दायान यांची निवड झाली.

दायान हेही काही डाव्या विचारांचे नव्हेत. ते वेस्ट बँकमधील ज्यू वसाहतींच्या परिषदेचे अध्यक्ष होते. त्यामुळे साशंकता होती. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्या महिन्याच्या अखेरीस इस्रायलच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूतांनी सुरक्षा परिषदेत आपल्या कोटावर पिवळा तारा लावला. नाझी राजवटीत ज्यूंना अपमानाचे चिन्ह म्हणून लावावा लागत असे, तोच हा तारा. देश शोकात आणि संतापात होता. अशा वेळी दायान यांनी राजदूतांवर उघड टीका केली. तो तारा असाहाय्यतेची खूण होता. आज ज्यूंना स्वतःचे राज्य आहे, सैन्य आहे. मिरवायचाच तर राष्ट्रध्वज मिरवावा, असे त्यांनी बजावले. मृतांचाही त्याने अवमान होतो आणि राष्ट्राचाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार.

राष्ट्रवादी परंपरेतल्या माणसाने, युद्धकाळात, आपल्याच सरकारच्या प्रतिनिधीला असे खडसवावे, यात पदाचे माहात्म्य आहे. राष्ट्रावर निष्ठा असणे आणि राष्ट्राच्या पवित्र स्मृती राजकारणाच्या हत्यारांत मोडू न देणे, यांत विरोध नाही. किंबहुना दुसरी गोष्ट पहिलीतूनच येते.

पायाखालची भूमी

सहिष्णुतेचे नाव धारण करणाऱ्या संस्थेला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. तिला स्वतःच्या पायाखाली पाहावे लागते. वीझेंथाल केंद्राने जेरुसलेममध्येही सहिष्णुतेचे संग्रहालय उभारण्याचे ठरविले. २००४ मध्ये भूमिपूजन झाले. खोदकामात मानवी अस्थी निघाल्या. ती जागा ममिला या शतकानुशतकांच्या मुस्लीम दफनभूमीचा भाग होती. केंद्राचे म्हणणे असे की तेथे १९६० च्या दशकापासून वाहनतळ होता आणि तेव्हा कोणी आक्षेप घेतला नव्हता. २००८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला अनुमती दिली. कायद्याने प्रश्न मिटला. पण मनातला मिटला नाही. अनेक इस्रायली विचारवंतांनीही त्या जागेला विरोध केला.

कायदेशीर अधिकार आणि नैतिक अधिकार यांत अंतर असते, हे सांगण्यासाठीच तर अशी संग्रहालये असतात. ज्यूंच्या दफनभूमी युरोपात नांगरल्या गेल्या, त्यांच्या थडग्यांच्या शिळा रस्त्यांच्या फरसबंदीला वापरल्या गेल्या, हे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी न्यायालयाच्या निकालापलीकडे एक पाऊल टाकून दुसरी जागा शोधली असती, तर त्या इमारतीच्या नावाला अधिक अर्थ आला असता.

स्मृती केवळ स्वतःच्या समाजापुरती ठेवावी की ती साऱ्या मानवजातीचा धडा व्हावा, हा या क्षेत्रातला जुना तिढा आहे. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने दुसरा मार्ग धरला. पोलीस अधिकाऱ्यांची, शिक्षकांची शिबिरे तेथे घेतली जातात. वंशसंहाराला सर्वसाधारण सहिष्णुतेच्या पाठात विरघळवून टाकू नका, हा टीकाकारांचा इशाराही दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याच नगरातील दुसऱ्या एका हॉलोकॉस्ट संग्रहालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'पुन्हा कधीही नाही' या वचनाचा अर्थ केवळ ज्यूंपुरता असू शकत नाही, असा संदेश प्रसृत केला. तो गाझातील युद्धावरील भाष्य म्हणून वाचला गेला, टीका झाली आणि संग्रहालयाने तो मागे घेतला. एक वाक्य बोलून परत गिळावे लागणे, यात या पदावरील ताण किती आहे ते दिसते.

कोकण आणि जेरुसलेम

या साऱ्याशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या सात जोडप्यांपासून आपली वंशपरंपरा सांगणारे बेने इस्रायली शतकानुशतके कोकणात राहिले. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची बोली मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली. युरोपात ज्यूंना जे भोगावे लागले, ते येथे त्यांच्या वाट्याला आले नाही. प्राग येथे शिक्षण घेतलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन नाझींच्या उदयकाळी, १९३४ मध्ये, मुंबईला आले. आकाशवाणीची जी धून ऐकत कित्येक मराठी घरांची सकाळ उजाडली, ती त्यांची. हा वारसा अभिमान बाळगावा असाच आहे.

इस्रायलच्या स्थापनेनंतर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालविले. पण त्याच देशात १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली आणि इतर ज्यूंशी त्यांच्या विवाहात अडथळे आणले. कोकणातून गेलेल्या या मराठी ज्यूंनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. शुद्ध-अशुद्धाच्या तपासणीत ६० लाख माणसे गमावलेल्या समाजातही अशी तपासणी पुन्हा डोके वर काढू शकते. लॉस एंजेलिसचे ते दुसरे दार बंद का असते, याचे याहून नेमके उत्तर कोणते?

आणि आपल्याकडे? २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह निघाले होते. ज्यू समाजाने दुःख व्यक्त केल्यावर नाव बदलले गेले. मालकाच्या मनात द्वेष नसेल, अज्ञान होते. पण हे अज्ञान त्या एका दुकानापुरते नाही. कडक मुख्याध्यापकाला आपण सहज 'हिटलर' म्हणतो. रेल्वे स्थानकाबाहेरच्या पुस्तकविक्रेत्याकडे त्याचे आत्मचरित्र यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेले असते. 'माणूस वाईट असेल, पण शिस्त होती' हे वाक्य चांगल्या घरांतून ऐकू येते. त्या शिस्तीने आगगाड्या वेळेवर कोठे नेल्या, हे त्या घरातल्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हे संग्रहालयाचे काम असेल, तसेच ते पालकांचे आणि शिक्षकांचेही आहे.

पुढचा वारस

१९४५ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात किंवा त्याही पलीकडे आहे. लवकरच असा दिवस येईल की 'हे मी डोळ्यांनी पाहिले' असे म्हणणारे कोणी उरणार नाही. आजवर संग्रहालयाच्या प्रमुखाच्या पाठीशी हे साक्षीदार उभे होते. केसांचा ढीग मांडू नका, असे सांगायला त्या स्त्रिया होत्या. ऐताम यांच्या नियुक्तीला विरोध करायला ते वृद्ध होते. उद्या अडवणारे कोणी नसेल तेव्हा सत्ताधीश, देणगीदार आणि उत्साही अनुयायी यांना नाही म्हणण्याची सारी जबाबदारी त्या एका खुर्चीवर येईल.

त्या खुर्चीत बसणाऱ्याला विद्वत्ता हवी, व्यवहार हवा, देणग्या मिळविण्याचे कसबही हवे. पण या सर्वांहून मोठी एक कसोटी आहे. आपल्या लोकांचे दुःख त्याने जिवापाड जपावे आणि त्याच दुःखाचा आधार घेऊन आपलीच माणसे चुकीचे बोलू लागली, तर त्यांना थांबवावे. राइश यांना त्याची किंमत मोजावी लागली, दायान यांना टीका सोसावी लागली. किंमत न देता हे पद सांभाळता येत नाही.

जगात ज्या ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या यातनांची स्मृती आहे, त्या प्रत्येकाला असे विश्वस्त लागतात. स्मृती जपणारे पुष्कळ मिळतात. ती खरी, मोजकी आणि निर्मळ ठेवणारे थोडे असतात. ज्या समाजाला ते लाभतात आणि जो समाज त्यांचे कटू बोल ऐकून घेतो, त्याच्या मृतांना खऱ्या अर्थाने न्याय मिळतो.